उशिरा येणारी उडी

कॉम्प्युटरवाल्यानं कपाटातून लाल-निळे दिवे लुकलुकणारा मोठा डबा बाहेर काढला, तेव्हाच मी ओळखलं की हा मला गिऱ्हाईक नाही, बकरा समजतोय. माझा जन्म दुकानदाराच्या घरातला. वडिलांचं बीडमध्ये कापडाचं दुकान, पुढं ते माझ्या धाकट्या भावानं चालवलं. मी स्वतः कोर्टाजवळ झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान चालवते. मला कोण काय गळ्यात मारतंय ते कळतं.

"ताई, पोराला गेम खेळायचेत ना? मग हेच घ्या. समदं चालतंय ह्याच्यात."

"पोरगं न्हाई, भाऊ हाय माझा. चाळिशीला आलाय. आन् नवे गेम नकोत त्याला. आमच्या लहानपणचे पाहिजेत, पिवळ्या कॅसेटवाले."

तो हसला. मला असल्या हसण्याची चीड येते, पण गरज माझी होती. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. अक्कल होती, पण राग गिळावा लागला.

पिवळी कॅसेट ज्यांनी फुंकर मारून काळ्या डब्यात खुपसली आहे, त्यांना वेगळं सांगायला नको. आमच्याकडचा सगळ्यात लाडका गेम दोन सैनिकांचा. निळा माझा, लाल भावाचा. पळायचं, उड्या मारायच्या, गोळ्या झाडायच्या. प्रत्येकाला मोजके जीव. भाऊ बेफाम खेळायचा, त्याचे जीव लवकर संपायचे. मग तो किंचाळायचा, "अक्का, जीव दे! जीव दे ना!"

एकदा हे आईनं स्वयंपाकघरातून ऐकलं आणि पिठाच्या हातानंच बाहेर आली. "शिवशिव! घरात असलं बोलतेत का? जीव द्यायच्या गोष्टी करायलेत कार्टी!" तेव्हापासून घरात 'जीव' म्हणायला बंदी. 'चान्स' म्हणायचं. पण खेळ रंगात आला की चान्स विसरला जायचा, तोंडात जीवच यायचा, आणि आतून लाटणं आपटल्याचा आवाज यायचा.

खरं म्हणजे त्या गेममध्ये जीव देता येतच नव्हता. ज्याचे संपले त्यानं आपल्या हातातलं बटण दाबून दुसऱ्याचा घ्यायचा. भाऊ मागायचा फक्त रीत म्हणून. मी हो म्हणायच्या आत माझा एक जीव गेलेला असायचा. शेवटच्या टप्प्यापर्यंत आम्ही कितीदा तरी पोचलो, पण तो पार काही झाला नाही. पुढं माझं लग्न ठरलं, डबा बिघडला, आईनं तो भंगारवाल्याला दिला. लग्न टिकलं नाही, मी परत आले. डबा गेला तो गेलाच.

भावाचा आजार कापडानं सांगितला. मीटरनं मोजायचं, कात्रीनं कडेला खाच द्यायची आणि दोन्ही हातांनी टर्रकन फाडायचं, ही आमच्या दुकानाची पद्धत. त्याचा हात इतका सरळ चालायचा की बायका कौतुकानं बघायच्या. एक दिवस साधं अस्तराचं कापड त्याला फाटेना. "माल चिवट आलाय," तो म्हणाला. दुसरं ठाणही चिवट निघालं. तिसरंही. मग त्यानं पूर्ण कात्री चालवायला सुरुवात केली, आणि पुढं कात्रीही जड झाली.

अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी त्याच्या गुडघ्यांवर, कोपरांवर टकटक केलं, तपासण्या करून आणायला लावल्या आणि मग सांगितलं: नसांचा आजार आहे, हातापासून सुरू झालाय, पुढं सरकत राहणार. बरं करणारं औषध नाही. मी त्या बिचाऱ्या माणसाशी भांडले. भावानं एवढंच विचारलं, "अंगठा कुठवर चालंल, साहेब?" डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही.

परतीच्या एसटीत तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "अक्का, अंगठा हाय तवर तो गेम एकदा पुरा करू."

म्हणून ही खरेदी. आधी मी स्वस्तात मिळणारी, टीव्हीच्या मागं खोचायची काडी मागवली, सोबत बिनवायरचे दोन रिमोट. गेम सुरू झाला, तेच संगीत वाजलं आणि भावाचा चेहरा पोरासारखा झाला. पण बटण दाबलं की सैनिक जरा विचार करून, सरकारी कचेरीतल्या कारकुनासारखा, सवडीनं उडी मारायचा. तोवर खड्डा आलेला.

"अक्का, उडी उशिरा यायलीय."

मी खेळून पाहिलं. खरंच उशिरा येत होती. आणि मला इतका आनंद झाला की काय सांगू. बोट नव्हतं बिघडलं, मशीन बिघडलेलं होतं! मशीन बदलता येतं.

मग दुकानात फॉर्म भरता भरता मी या विषयात घुसले. कळलं की बिनवायरचा रिमोट थोडा उशीर करतो, टीव्ही चित्र गोडगोजिरं करण्यात थोडा करतो, आणि काडीतला मेंदूच मंद असतो. पर्याय दोन होते. एक तळहाताएवढा, कॉम्प्युटरचा उघडा बोर्ड, स्वस्त दिसणारा. पण त्याचा चार्जर वेगळा, कार्ड वेगळं, डबी वेगळी, म्हणजे नवरा स्वस्त आणि वरात महाग. दुसरा, ऑफिसांनी काढून टाकलेला छोटा कॉम्प्युटर, पेढ्यांच्या बॉक्सएवढा, आत सगळं असलेला. दिवेवाल्या डब्याला नाही म्हणत मी त्या दुकानदाराकडून हाच घेतला, आणि वायरचे दोन रिमोट. त्यानंच जुने गेम भरून दिले. कुठून आणले ते त्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

भाऊ दुपारचा झोपला होता तेव्हा मी तो जोडला. टीव्हीत शोधून उशीर कमी करणारी गेमची सेटिंग चालू केली. बटण दाबलं, उडी. दाबलं, उडी. लहानपणी होती तशीच, चोख. मी ओरडतच त्याला उठवायला गेले.

तो बसला, रिमोट मांडीवर ठेवला, लाल सैनिक पळाला आणि पहिल्याच खड्ड्यात पडला. दुसऱ्यांदा तिथंच.

"अजून उशिरा यायलीय," तो म्हणाला.

या वेळी मी पडद्याकडे बघितलं नाही, त्याच्या हाताकडे बघितलं. खड्डा लांब असतानाच अंगठा निघत होता. थरथरत बटणावर पोचत होता, तिथं जोर गोळा करत होता. बटण खाली जाताच उडी बसत होती. उशीर त्याच्या आधीच झालेला होता.

"वायर ढिली असंल," मी म्हटलं. "उद्या त्या दुकानदाराच्या तोंडावर नेऊन मारते."

"तू खेळून दाव."

मी मुद्दाम उशिरा बटण दाबलं आणि खड्ड्यात पडले. "बघ, माझी पण."

तो हसला. मनापासून हसला. "अक्का, तुला लहानपणापासून खोटं हरता येत न्हाई." मग म्हणाला, "मशीन चांगली हाय. परत करू नको."

मला रडायचं नव्हतं, म्हणून मी खेळत राहिले. तोही. थोड्याच वेळात त्याचे जीव संपले. निळा सैनिक एकटा उभा. माझे जीव शिल्लक होते.

"घे ना," मी म्हटलं.

त्याचा अंगठा बटणावर होता. नुसता होता. तेवढ्या खेळानं तो दमून गेला होता. मी पुन्हा म्हटलं, "घे रे, जीव घे माझा," आणि शब्द तोंडातून गेल्यावर जाणवलं की आई दारात उभी आहे.

"काय झालं?" तिनं विचारलं.

मी सांगितलं. त्याचे जीव संपलेत, माझे आहेत, पण ते मला देता येत नाहीत, त्यानंच बटण दाबून घ्यायचेत. आईनं ऐकून घेतलं. पदराला हात पुसले, त्याच्या शेजारी बसली आणि त्याच्या अंगठ्यावर आपला अंगठा ठेवला.

"घे रे बाळा," ती म्हणाली. "तिचा जीव घे."

आणि दाबलं. माझा एक जीव कमी झाला. वरून लाल सैनिक पडला आणि लुकलुकत उभा राहिला. आईनं हात काढून घेतला.

"आता मार उडी."

आम्ही तिघंही पडद्याकडे बघत नव्हतो. त्याच्या अंगठ्याकडे बघत होतो.