उजवीकडचं बटण

ते बटण मीच दाबलं. चुकून नाही. माझी सून मनीषा परत आली, स्क्रीनकडे बघितलं आणि मटकन खाली बसली. मी शेजारी उभी राहून म्हणाले, "मला काय म्हाईत बाई, आपोआपच झालं." हे मी मुलालाही सांगितलेलं नाही. आमच्या वडिवळे गावात कुणालाच नाही.

मनीषा घरूनच काम करायची. लांब कुठेतरी भाड्याने घेतलेले कॉम्प्युटर ती आमच्या पडवीत बसून, लॅपटॉपवरून, गिऱ्हाइकासाठी तयार करून द्यायची. ते डोळ्यांना दिसत नाहीत — क्लाउड म्हणतात त्याला. नोकरी नवी होती. हे काम नीट उतरलं की तिला कायम करणार होते. दोन दिवस ती जेवतानाही त्यातच होती.

आणि तेव्हाच आवणी. आमच्याकडे भाताची लावणी सावडीने होते — आज माझ्या खाचरात शेजारच्या बायका, उद्या त्यांच्या खाचरात आमच्या घरची एक. माझे गुडघे गेलेले, म्हणजे मनीषानेच जायला हवं. ती गेली नाही. मी आमच्या खाचरात बायकांना न्याहारी द्यायला गेले, तर शेजारची पारू सगळ्यांसमोर म्हणाली, "तुजी सून खुर्चीत बसून आवणी करती व्हय गं?" बायका हसल्या. ते हसणं मी घरी घेऊन आले — आणि काढलं कुणावर?

त्या दुपारी तिला अंगणवाडीतून लेकीला आणायचं होतं. जाताना म्हणाली, "आत्या, मशिनी अर्ध्यावर आहेत. अपडेट करू का, असं विचारणारी चौकट आली तर डावीकडचं बटण दाबा, म्हणजे ते थांबेल. उजवीकडचं दाबलं तर सगळ्या बंद होऊन परत सुरू होतील. माझं सगळं मोडेल."

चौकट आली. मी चौथी शिकले. इंग्रजी येत नाही, पण डावं-उजवं कळतं. विचार केला — हो, केला — की मोडलं तर ही उद्या खाचरात येईल.

तिने रात्रंदिवस बसून पुन्हा सुरुवात केली, पण मुदत टळली. कंपनीने फोनवर विचारलं, अपडेट आधीच थांबवून का ठेवलं नव्हतं? ती म्हणाली, माझंच चुकलं. खरं उत्तर माझ्याकडे होतं — मी भाजी निवडत राहिले. नोकरी गेली. वर तीच मला म्हणाली, "तुमचा काय दोष, आत्या? मीच बघायला हवं होतं." तेव्हा तरी तोंड उघडायला काय झालं होतं?

मग ती खाचरात आली. चिखलात वाकून दिवसभर रोपं लावली. पारूने कौतुक केलं. आणि मला — बरं वाटलं. तेही सांगितलं पाहिजे.

पुढे तिने बऱ्याच ठिकाणी अर्ज केले. पहिली नोकरी का सुटली, असं विचारलं की ती सांगायची, माझ्या हातून चूक झाली. कुणी घेतलं नाही.

आता मनीषा लोणावळ्यात एका रिसॉर्टच्या खोल्या झाडते. सकाळी कामशेत स्टेशनवरून लोकलने जाते, संध्याकाळी येऊन भाकऱ्या टाकते. चूक आपलीच होती, असं तिला अजून वाटतं.