फुलंब्रीच्या रस्त्यावरचा दूधवाला

सकाळी रस्त्यावरून दुधाचे कॅन खडखडत गेले, की मला धाकट्या बहिणीची ती पहाट आठवते. फुलंब्रीपासून शहरातल्या आमच्या घरापर्यंत न थांबता पळता आलं, तरच मॅरेथॉनला नाव द्यायचं, असं तिनं ठरवलं होतं. पाण्याची बाटली घेऊन मी सायकलवर मागं होतो. दोन्हीकडच्या मक्याला दवाचा ओला वास येत होता. अर्ध्या वाटेत तिचे पाय जड झाले आणि नेमका तेव्हाच एक दूधवाला मोटारसायकल शेजारी घेत म्हणाला, "बस चुकली काय, ताई? ह्यांच्या सायकलीला कॅरिअरबी नाय वाटतं! बसा, सोडतो." "नाय भाऊ, पळायलाच निघालेय." "इतक्या लांब? उगंच?" "उगंचच! लई मजा येते," धापा टाकत ती हसली, आणि त्या हसण्यानंच तिचे पाय पुन्हा हलके झाले. तो मान हलवत पुढं गेला. शहर लागलं तिथं मात्र तो मापात दूध भरून उभा होता. "घरी या!" ती न थांबता ओरडली. तोही मागं मागं आला, आणि आमच्या दारात पोचल्यावरच ती ते दूध घटाघटा प्यायली. तिला जाऊन आता वर्ष होईल. कॅन वाजले, की मी अजून दार उघडून उभा राहतो, उगंचच.