खुंटीवरचं टापरं

कोडोलीच्या विठाबाईंनी सात वर्षांत लेकीचं नागपूर पाहिलं नव्हतं, आणि याला कारण त्यांची म्हैस चंद्री. दुसऱ्या कुणाच्या हाताला ती पान्हवत नसे. रेल्वेनं जायचं तर जाण्यात एक दिवस, येण्यात एक.

"तुला म्हशीचीच माया जास्त हाय की!" असं म्हणून निशिगंधा फोन ठेवून द्यायची.

यंदा निशिगंधाला मुलगी झाली. बारशासाठी तिनं आईला विमानाचं तिकीटच पाठवलं. आज जायचं, परवा परत. मधल्या धारांना सून वर्षाराणी सासूचं रोजचं लुगडं नेसून बसणार होती. म्हैस वासानं माणूस ओळखते. गावात अडीनडीला सगळे हेच करतात; विठाबाईंचा मात्र आजवर धीर झाला नव्हता.

सकाळची धार काढून, जेवून विठाबाई निघाल्या. एसटी, मग रिक्षा, मग विमानतळावर दोन तास बसणं. विमानात शेजारी हुपरीचे इमामभाई होते, चांदीच्या पैंजणांचे व्यापारी.

"पावणं, किती लांब हाय हो नागपूर?"

"सरळ रेषेत सातशे किलोमीटर, मावशी. दीड तास."

"दीडच? मला घरनं हितं यायला त्याहून जास्त लागला की!"

विमान वर चढलं. खाली उसाच्या हिरव्या चौकटी आणि त्यांतून वळत गेलेली पंचगंगा. नव्या साडीचा पदर सारखा करताना विठाबाईंना खळीचा वास आला, आणि हात तिथंच थांबला.

"आयाय गं! लुगडं धुतलं की मी!"

सुनेला मळकं कसं द्यायचं, म्हणून त्यांनी ते काल साबणानं खसाखसा धुतलं होतं, वर निळीतही बुडवलं होतं. त्यात आता विठाबाई कुठं उरल्या होत्या?

"धारंला डोक्याला बांधते ते टापरं हाय खुंटीवर, न धुतलेलं. पण वर्षाला सांगायचं कसं?"

"उतरल्याशिवाय फोन लागत न्हाय, मावशी."

"किती राह्यलं?"

"एक तास दहा मिनिटं."

थोड्या वेळानं पुन्हा, "आता?"

"एक तास पाच."

"वर एवढा रस्ता मोकळा हाय, तर जरा दामट म्हणावं की डायवरला!"

इमामभाईंनी हसू दाबलं आणि घड्याळ काढून त्यांच्या हातातच दिलं.

चाकं टेकताच विठाबाईंनी फोन लावला. "वर्षा, ते टापरं..."

"बांधलंय की, आत्या! निळीच्या वासानं चंद्री मागं सरली, मग खुंटीवर नजर गेली. बादली भरली बघा."

"लाथ न्हाय झाडली?"

"न्हाय."

"दाराकडं बघितलं असंल की?"

"न्हाय वो."

"बरं," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

"झालं न्हवं काम?" इमामभाईंनी विचारलं.

"झालं की," त्या घड्याळ परत देत म्हणाल्या. "लईच लगेच झालं."

बाहेर निशिगंधा बाळाला घेऊन उभी होती. विठाबाईंनी नातीला छातीशी धरलं, तिची टाळू हुंगली. दुधाचा कोवळा वास.

"निशे, परवाचं तिकीट पुढं ढकलता येतंय का गं? आठवडाभर?"

निशिगंधा बघतच राहिली. "आणि चंद्री?"

"तिला टापरं पुरतंय."