बॅटरी खाली

तेरा वर्षं विनयाने लोकांची गोदामं मोजली. ऑडिट कंपनीची नोकरी. शिडीवर चढायचं, चादरींचे गठ्ठे मोजायचे, नाकात गेलेला तंतू शिंकरत आकडा लिहायचा. मार्चमध्ये पानिपतला शिडीवरून घसरली आणि डावा गुडघा कामातून गेला.

"विनयाताई, आता फील्डवर प्रसन्नला पाठवू या," तिची बॉस रुचिरा म्हणाली. "तुम्ही बसून काम करा ना, यार."

बसून! विनया मयूर विहारच्या घरी येईपर्यंत धुमसत होती. दुसऱ्या दिवशी तिनेच अट घातली: गोदामात रिमोटशिवाय फिरून गठ्ठे मोजणारा ड्रोन मी घरी बनवते. चालला तर फील्ड माझं. रुचिराने शनिवार दिला, गोदाम पानिपतचंच.

आता सामान निवडणं आलं. कॅमेरा हलका घ्यावा तर चित्र धूसर, चांगला घ्यावा तर जड. जड झालं की मोटरी मोठ्या, त्यांना बॅटरी मोठी, आणि ती बॅटरी उचलायला परत मोटरी मोठ्या!

"लग्नाच्या यादीसारखं आहे हे," ती लेकीला, तनयाला म्हणाली. "एका मावशीला बोलावलं की सात माणसं वाढतात."

"मग मावशीलाच काट ना, मम्मा."

छपराखाली जीपीएस चालत नाही, म्हणून जमिनीकडे पाहत स्वतःला सावरणारा सेन्सर हवाच होता. तो स्वस्तातला घेतला तेव्हा ड्रोन दोनदा फ्रिजवर आपटला. शेवटी चांगला घेतला आणि एकाच बॅटरीवर भागवलं. दुकानदार म्हणालाही, "मैडम, बैटरी दो ले लो. धोखा मत खाओ."

"एक में चला लूँगी, भैया."

शुक्रवारी ऑफिसातून निघता निघेना. ड्रोनच्या पाठीवर कॅमेरा बसवलेला, बॅटरी पोटाशी बांधायची तेवढी राहिली होती. तिने दुपारी तनयाला मेसेज टाकला: 'बॅटरी खाली ठेव. सहाला येते.'

सहाला ती आली तेव्हा टेबलावर बॅटरीला जोडलेला बारा व्होल्टचा एक बल्ब विझून पडला होता आणि बॅटरी उशीसारखी फुगली होती.

"हे काय केलंस?"

"तूच बोललीस ना, खाली ठेव! पूर्ण खाली व्हायला तीन घंटे लागले."

"अगं, खाली म्हणजे खालच्या बाजूला! पोटाशी!"

"मला वाटलं हिंदीवालं खाली, एम्प्टी. भरलेली ठेवणं डेंजरस असतं, असं मी वाचलं पण होतं." तनयाचा आवाज बारीक झाला. "एम्प्टीला तुम्ही काय म्हणता मग?"

"रिकामी! रिकामी म्हणतात, बाई!"

पार रिकामी होऊन मेलेल्या बॅटरीला चार्जरने ओळखच दाखवली नाही. दुकानदाराने फोनवर सांगितलं, दुकान उद्या अकराला उघडेल. पानिपतची गाडी सकाळी सहाची.

विनयाने रुचिराला फोन लावला. सोमवारपर्यंत थांबता येईल का?

"गोदामवाली पार्टी थांबणार नाही हो. प्रसन्न जाईल उद्या. तुम्ही सोमवारी दहाला ऑफिसात या, टेबल दाखवते."

"बिल्कुल," विनया म्हणाली आणि फोन ठेवला.

"मम्मा, सॉरी. तू ओरड ना माझ्यावर."

विनयाने फुगलेली बॅटरी बाल्कनीत नेऊन ठेवली. ओरडायला शब्द होते, पण यातला कुठला पोरीला कसा लागेल, याचा आता भरवसा राहिला नव्हता.