चौथा कोपरा

आमच्या घराचा पाया कसा घातला ते मी पाहिलेलं नाही, पण परसातल्या खोलीचा पाया मी स्वतः आखला आणि त्यातच सापडलो.

खोली म्हणजे काही महाल नव्हे. नोकरीतून निवृत्त होऊन मुंबईहून रत्नागिरीला आलो, तेव्हा गवत कापायचं मशीन, शिडी, आंबे उतरवायचा झेला, खताच्या पिशव्या, सगळं पडवीत येऊन बसलं. बायको म्हणाली, "एक तर हे इथे राहील, नाही तर मी." मशीन नवं होतं, त्यामुळे जरा विचार करावा लागला. शेवटी बागेत चिऱ्याची खोली बांधायचं ठरलं.

दोऱ्या ताणल्या, पांढऱ्या फक्कीने रेघा मारल्या आणि चारी कोपऱ्यांत पहार घालून पाहिली. आमच्याकडे थोडी माती खरवडली की कातळ लागतो. तीन कोपऱ्यांत पहार ठणकन वाजली. चौथ्यात ती निम्मी आत गेली आणि येताना कौलाचा तुकडा घेऊन आली. वडिलांनी आणि काकांनी घरासाठी तिथलेच चिरे काढले होते आणि खड्डा नंतर घरातला मोडका माल टाकून बुजवला होता. गवंडी म्हणाला, "तीन कोपरे कातळावर नि एक भरावात म्हंजे भिंत तडकलीच समजा." खड्डा उपसायला खोदाईचं मशीन झाडांतून आत येईना. खोली सरकवावी, तर एकीकडे विहीर आणि दुसरीकडे बायकोने वाढवलेलं हापूसचं कलम. त्याला हात लावला असता तर पडवीचा प्रश्न परस्पर सुटला असता. उरली वरची बाजू, आणि ती दादाची.

दादा म्हणजे माझा थोरला चुलतभाऊ. आमच्या जमिनींमधला गडगा, म्हणजे रचलेल्या चिऱ्यांचं कुंपण, एका पावसात कोसळला. तो माझ्याकडे सरकवून रचायला निघालास, असं मी त्याला म्हणालो. मुळात तूच तो माझ्याकडे सरकवला होतास, असं तो मला म्हणाला. तेव्हापासून चिरे तसेच पडलेले आणि आमचा अबोला. फणसाची भाजी मात्र वाटीतून इकडून तिकडे जात होती, कारण जावाजावांचं काही भांडण नव्हतं. मला भाजी मिळत होती, दादा मिळत नव्हता. संध्याकाळी पडवीत बसून वाद घालायला माणूस नाही, याचं मला फार वाईट वाटायचं.

पण पायाचा नारळ ठेवायचा म्हणजे देवाला गाऱ्हाणं घालायला हवं, आणि आमच्यात ते घरातला थोरलाच घालतो. कितीही वाकडं असलं तरी देवाच्या कामाला कोणी नाही म्हणत नाही. मी बायकोकरवी निरोप धाडला. एकदा आला की चौथा कोपरा दाखवायचा आणि तोंड बारीक करून उभं राहायचं, असा माझा बेत होता.

दादा इस्त्रीचे कपडे घालून आला. माझ्याकडे बघितलंही नाही. नारळाकडे बघितलं, चौथ्या कोपऱ्यात रुतलेल्या पहारीकडे जरा जास्तच बघितलं आणि हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या जागेत हे तुजं लेकरू पाया घालतंय."

"व्हय म्हाराजा," आम्ही सगळे म्हणालो.

"त्येला अक्कल कमी हाय, तरी सांभाळून घे."

"व्हय म्हाराजा." माझा आवाज सगळ्यांत मोठा होता. गाऱ्हाण्याला तसा ठेकाच असतो, अर्थ मागून पोचतो.

"चौथा कोपरा भरावात गेलाय, तो वर कातळावर येऊ दे. माज्या जमनीत आला तरी चालंल."

"व्हय म्हाराजा."

"पन खोलीला माज्या अंगानंबी एक दार ऱ्हाऊ दे. माजी कोयती, सुपारीची पोती आत ऱ्हाऊ देत."

"व्हय म्हाराजा."

"आन् तो पडलेला गडगा कोनी परत रचायचा नाय. त्येचेच चिरे पायाला लागू देत."

"व्हय म्हाराजा," म्हणून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की आपण काय काय कबूल केलं. पण "नाय म्हाराजा" म्हणणारा माणूस मी अजून बघितलेला नाही. तोवर नारळ फुटलाही होता.

"दादा, हे देवाला सांगितलंस की मला?" मी विचारलं.

"देवाला," तो म्हणाला. "तुज्याशी मी बोलत नाय."

खोली उभी राहिली, तडा नाही. अर्ध्याहून जास्त जागा दादाच्या पोत्यांनी खाल्ली आणि माझं मशीन परत पडवीत गेलं. सकाळी तो त्याच्या दाराने आत येतो, मी माझ्या दाराने, आणि चहा निवेपर्यंत वाद चालतो. परवा मी मुद्दाम खोडी काढली, "खरं सांग, गडगा कोणी सरकवला होता?"

दादाने पायाने जमीन ठोकली. "हितं खाली गेला तो. कुठं व्हता ते आता तुलाबी दाखवता यायचं नाय नि मलाबी."

मी सवयीने म्हणालो, "व्हय म्हाराजा."