नकाशात नसलेला चर

मॅलाकी हेवीला निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण बूड टेकून बसेल तर शपथ. चहा उभ्याने, चर्चमध्ये प्रार्थनाही मागच्या दाराशी उभ्याने. पस्तीस वर्षं त्याने ऑफली परगण्यातल्या दलदलीत एका कंपनीचं चर खणायचं यंत्र चालवलं होतं. पाणी काढायचं, मुरलेलं शेवाळ, म्हणजे पीट, वाळवून खरवडायचं आणि पोत्यांत भरून बागवाल्यांना धाडायचं. एकदा बहिणीकडे मँचेस्टरला गेला, तर दुकानात तीच पोती दिसली. स्वारीने पोत्यावर अशी थाप मारली, जणू घरची गायच बाजारात उभी आहे.

आता त्या पोत्यांचं नाव काढलं तरी त्याचं तोंड कडू व्हायचं. पीट उपसणं बंद झालं होतं आणि सोर्का नावाची तरुण सरकारी अधिकारी तेच चर बुजवत होती. "हजार वर्षांत मीटरभर साठतं, ते आपण फुलांच्या कुंड्यांत ओतलं. उरलंय ते पाण्याविना उघडं पडून, न जळताच धूर होऊन हवेत चाललंय," असं ती गावच्या सभेत म्हणाली, तेव्हा मॅलाकी उठून बाहेर गेला. ती खोटं बोलली असती तर त्याला इतका राग आला नसता.

सप्टेंबरात ती नकाशा घेऊन दारातच आली.

"मॅलाकी, चाळीस चर बुजवले, तरी उत्तरेकडे पाणी टिकत नाही. लावलेलं शेवाळ दोनदा करपलं. या हिवाळ्यात पाणी नाही धरलं, तर तो भाग सोडून द्या म्हणतात वरचे. कुठून गळत असेल हो?"

"मला काय माहीत? पाण्याला विचारून येऊ?"

माहीत तर पुरतं होतं. छत्तीस वर्षांपूर्वी, एका ओल्या उन्हाळ्यात, दलदलीच्या उत्तर टोकाला हेवींचा घरचा पट्टा होता, तिथे कापलेल्या जळणाच्या पीटच्या विटा वाळेनात. म्हातारा बाप थंडीने कुडकुडत होता. एका रविवारी गाव प्रार्थनेला गेलेलं पाहून मॅलाकीने कंपनीचं यंत्र आणलं, पट्ट्याच्या कडेने खोल चर काढला आणि फळ्या टाकून, वर गवताची ढेकळं रचून झाकला. तेव्हापासून पट्टा खडखडीत. गाव म्हणे, हा नोरीनच्या तीर्थाचा प्रताप. नोरीन त्याची बायको. दर मे महिन्यात पहिली वीट कापायच्या आधी ती मान ताठ ठेवून पट्ट्यावर पवित्र पाणी शिंपडायची. चर बुजवला की पट्टा बुडणार, घरची शेगडी विझणार, आणि नोरीनचा गावातला मानही जाणार.

तीन दिवस तो घरभर येरझारा घालत राहिला.

"फरशी झिजली रे," नोरीन बटाटे सोलता सोलता म्हणाली. "पोट बिघडलंय की मन?"

"नोरीन, आपला पट्टा कोरडा राहतो ना, तो तुझ्या पाण्याने नाही गं. मी चोरून चर काढलाय."

तिची सुरी थांबली नाही. "पाणी शिंपडून जमीन वाळते, असं वाटण्याइतकी खुळी दिसते मी?"

"मग इतकी वर्षं शिंपडत कशाला होतीस?"

"गावाने खाली वाकून बघू नये म्हणून! माझा नवरा चोर ठरला असता, मूर्खा."

मॅलाकी मटकन खुर्चीत बसला.

"बसतोस काय? आधी विटा घरी आण. मग त्या पोरीला सांग."

आठवडाभराने त्याने सोर्कासमोर फळ्या उपटल्या. तिने फक्त फावडं पुढे केलं. त्याने ओलं पीट चरात ठासून भरलं आणि बुटांनी तुडवलं. नाताळपर्यंत पट्ट्यावर गुडघाभर पाणी आलं. ते बघायला तो रोज जायचा. पाणी दिसलं की उजवा हात आपोआप यंत्राचा दांडा शोधायचा, मग तो हात खिशात कोंबायचा.

मे महिन्यात नोरीन नेहमीची बाटली घेऊन काठावर आली. बूच काढून तिने पाण्यात पाणी शिंपडलं.

"आता कशाला? झाकायला काय उरलंय?" मॅलाकी म्हणाला.

"काही नाही. म्हणूनच आज पहिल्यांदा खरं मागतेय," ती म्हणाली. "हे पाणी राहू दे."