पाळीवरचा डबा

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आणि खरं सांगू, आजही नाही. नागभीडच्या बाजारात मासे विकते मी. कुणी चकव्याची गोष्ट सांगायला लागलं की मी म्हणायची, मासे घेता का, की नुसत्या थापा मारता? त्यामुळे हे वाचून बाजारातल्या बाया मलाच हसतील. हसू द्या...

नागभीडपासून जरा आत, जंगलाच्या कडेला आमचं गाव. गावाला तलाव, आणि तलावाच्या पाळीखालून, म्हणजे बांधाखालून, नाला वाहतो. आषाढात दुपारी वर डोंगरात ढग गडगडले की नाल्यात मासे चढायला लागतात. बाकीचे लोक गडगडाट ऐकून घरात पळतात, आम्ही मासे धरणारे पाण्याकडे पळतो!

म्हणूनच माझ्या सासऱ्यांचा, मामाजींचा, एक नियम होता. कुणी नाल्यात उतरलं की एकाने तेलाचा रिकामा डबा मांडीवर घेऊन पाळीवर बसायचं. वरून लोंढा येताना दिसला की डबा बडवायचा. डबा वाजला की जाळं, मासा, चप्पल... सगळं सोडून वर. मागे वळून बघायचं नाही. आमचे हे त्या आवाजावरच लहानाचे मोठे झाले. पाळीवर बसायचे ते नेहमी मामाजीच.

गेल्या आषाढात मामाजींना लकवा मारला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. त्यांना चंद्रपूरला दवाखान्यात भरती केलं, सासूबाई सोबत राहिल्या. इकडे डबा नुसताच पडून होता, म्हणून मीच त्यात तांदूळ भरून ठेवले.

त्या दुपारी लांब कुठेतरी गडगडत होतं, आमच्या डोक्यावर मात्र चक्क ऊन. मी विचारलं, पाळीवर कोण बसणार? हे म्हणाले, ऊन तर पडलंय, पटकन जाऊन येऊ. दुसऱ्या दिवशी बाजार होता, मलाही मासे हवेच होते. गेलो आम्ही.

हे नाल्याच्या मधोमध गुडघाभर पाण्यात, मी काठावर टोपली घेऊन. मासे असे चढत होते म्हणता, काय सांगू! तेवढ्यात पाळीवरून डबा वाजला.

ठण ठण ठण... एकसारखा. ह्यांनी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. हातातलं जाळं टाकलं, धावत काठ चढले आणि माझा दंड धरून ओढायला लागले. "चाल, बा वाजवून राह्यला!"

पाळीच्या अर्ध्यावर पोचलो नसू, तोच लोंढा आला. लाल पाणी, आणि त्यात मुळासकट एक मोहाचं झाड. हे जिथे उभे होते तिथे आता बैलगाडीसुद्धा बुडाली असती. मग ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी ह्यांच्याकडे. बा तर चंद्रपूरला...

पाळीवर कुणी नव्हतं. रात्रीच्या पावसाने माती ओलीच होती, पण आमच्याशिवाय कुणाच्या पायाचा ठसा नाही. घरी धावलो. डबा स्वयंपाकघरात मी ठेवला तिथेच, तोंडापर्यंत तांदूळ. ह्यांनी त्यावर जोरात थाप मारली. भद् — एवढंच वाजलं.

संध्याकाळी सासूबाईंचा फोन आला. आम्ही अजून काही सांगितलंही नव्हतं, त्याच रडवेल्या झालेल्या.

"आज दुपारी तुह्या मामाजीनं लय तरास देला वो. डाव्या हातात गिलास घेऊन खाटीचा दांडा बडवून राह्यले होते. नर्सबाईनं गिलास हिसकला, तवा कुठी थांबले."

पुढचं मला ऐकूच आलं नाही. मी तिथेच खाली बसले आणि रडले.

नंतर गावभर विचारलं, कुणी दुसरा डबा वाजवला का? कुणीच नाही. ढगच असतील म्हणावं, तर ढगांचा आवाज मी जन्मभर ऐकतेय. आणि चंद्रपुरातल्या खाटेचा आवाज आमच्या नाल्यात येईलच कसा?

मामाजी घरी आले, वाचा काही आली नाही. एकदा हिंमत करून विचारलं, "मामाजी, तुमीच होते का जी?" त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. डाव्या हाताने कोपऱ्यातला डबा दाखवला, मग तोच हात हवेत उपडा केला. तांदूळ मी तेव्हाच पोत्यात ओतले.

तो आवाज कुठून आला, मला आजही ठाऊक नाही. पण हे नाल्यात उतरणार असले की आधी मी डबा घेऊन पाळीवर जाऊन बसते. ऊन असलं तरी बसते.